जोड तपासणारा अ‍ॅडमिरल

सप्टेंबर १९५४. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील ग्रोटन येथे इलेक्ट्रिक बोट कंपनीच्या गोदीत नॉटिलस ही अणुशक्तीवर चालणारी जगातील पहिली पाणबुडी धक्क्याला उभी होती. नौदलात दाखल होण्याचा तिचा समारंभ दोन आठवड्यांवर आला होता. वाफेच्या वाहिन्यांची चाचणी चालू असताना लहान व्यासाची एक नळी अचानक फुटली. कोणी दगावले नाही. ही नळी अणुभट्टीच्या गाभ्यातील नव्हती, त्यामुळे किरणोत्साराचाही प्रश्न नव्हता. एखाद्या व्यवहारी अधिकाऱ्याने फुटलेला तुकडा बदलून समारंभाची तयारी पुढे चालू ठेवली असती.

चौकशीत मात्र भलतेच निघाले. आराखड्यानुसार त्या जागी अखंड, बिनशिवणीची पोलादी नळी हवी होती. प्रत्यक्षात बसवली गेली होती ती पत्रा वळवून शिवणीवर वेल्डिंग केलेली, कठड्याच्या खांबांसाठी वापरतात तशी नळी. दिसायला दोन्ही सारख्या. वरून उष्णतारोधक आवरण चढल्यावर तर फरक ओळखणे अशक्यच. याहून गंभीर बाब अशी, की पाणबुडीत आणखी कोठे कोठे अशी चुकीची नळी बसली आहे, हे गोदीच्या नोंदी पाहून कोणालाच सांगता येईना. तेव्हा या प्रकल्पाचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी संशयास्पद वाटणारी सगळीच नळी उपटून काढण्याचा आदेश दिला. हजारो फूट नळी निघाली आणि तिच्या जागी पारखून घेतलेली नवी बसली. ठरल्या दिवशी, ३० सप्टेंबरला, समारंभ पार पडला. पण नॉटिलस धक्क्यालाच राहिली. अणुशक्तीवर ती समुद्रात निघाली ती थेट १७ जानेवारी १९५५ रोजी.

अणुऊर्जेच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे ठळक अक्षरांत असतात. भट्टी उभारताना वेल्डिंगचा जोड, पोलादाचा दाखला आणि तपासनिसाची सही यांना शास्त्राइतकेच महत्त्व आहे, हे ज्याने सर्वांच्या गळी उतरवले तो हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. तो वीज अभियंता होता, आणि नौदलातील त्याच्या बरोबरीच्या अनेक अधिकाऱ्यांना तो अजिबात आवडत नसे.

नौदलाच्या नोंदीनुसार रिकोव्हर यांचा जन्म २७ जानेवारी १९०० चा. काही कागदपत्रे मात्र १८९८ कडे बोट दाखवतात. जन्मगाव माकूव, तेव्हा रशियन साम्राज्यात आणि आज पोलंडमध्ये. ज्यूंवरील अत्याचारांना कंटाळून शिंपीकाम करणारे वडील अमेरिकेला गेले आणि काही काळाने पत्नी व मुलांना त्यांनी बोलावून घेतले. कुटुंब न्यूयॉर्कहून शिकागोत स्थिरावले. शाळेत असतानाच हायमन तार वाटपाचे काम करीत. त्यातून एका काँग्रेस सदस्याशी ओळख झाली आणि त्याच्या शिफारशीने १९१८ मध्ये त्यांना अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत प्रवेश मिळाला. १९२२ साली ते पदवीधर झाले. पुढे कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली.

तीसच्या दशकाच्या आरंभी त्यांची नेमणूक एस-४८ या पाणबुडीवर झाली. या पाणबुडीची कुंडली आधीपासूनच वाईट होती. डिसेंबर १९२१ मध्ये बांधणाऱ्या कंपनीच्या चाचणीतच ती बुडाली होती. कारण इतकेच, की पाणी भरण्याच्या एका टाकीचे झाकण घट्ट बसवायचे राहून गेले होते. माणसे कशीबशी वाचली. रिकोव्हर यांच्या वाट्याला तिची कुरकुरणारी विद्युत यंत्रणा आली. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या जहाजबांधणी विभागातील विद्युत शाखा त्यांच्याकडे सोपवण्यात आली. तेव्हा त्यांनी कार्यालयात बसून अहवाल वाचण्यापेक्षा मार खाऊन परतलेली जहाजे पाहण्यावर भर दिला. स्फोटाच्या हादऱ्याने विजेची बटणे आपोआप सुटतात, केबल जळून विषारी धूर करतात, हे तेथे दिसले. मग प्रत्येक वस्तू हादरा देऊन तपासल्याखेरीज घ्यायची नाही, असा नियम झाला. कंत्राटदारांशी त्यांचे वाजू लागले ते तेव्हापासून.

१९४६ साली नौदलाने त्यांना काही सहकाऱ्यांसह टेनेसीतील ओक रिज येथे अणुविज्ञान शिकायला पाठवले. परत आले ते पाणबुडीसाठी अणुभट्टी बांधण्याचा ध्यास घेऊनच. १९४९ पर्यंत त्यांनी आपल्यासाठी एक विलक्षण जागा निर्माण केली. नौदलाच्या जहाजबांधणी विभागात ते अधिकारी होतेच, शिवाय नागरी अणुऊर्जा आयोगातही अणुभट्टी शाखेचे प्रमुख होते. एका टोपीतील माणसाला नौदलाने अडवले, तर दुसऱ्या टोपीतला माणूस पत्र लिहून परवानगी देई, असा विनोद तेव्हा केला जात असे. पण त्याचा परिणाम गंभीर होता. वेळापत्रकाची घाई असलेल्या वरिष्ठाला त्यांच्या तपासणीवर दबाव आणणे अवघड झाले.

त्यांची पद्धत सांगायला सोपी आणि पाळायला कठीण होती. कागदावर लिहिलेले मानक म्हणजे गाठायचे उद्दिष्ट नव्हे, ते पाळलेच पाहिजे. प्रत्येक कामाला एक नाव असलेला जबाबदार माणूस असला पाहिजे. समितीची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. वेस्टिंगहाऊस, जनरल इलेक्ट्रिक अशा कंपन्यांच्या कारखान्यांत आणि गोद्यांत त्यांनी आपले प्रतिनिधी बसवले. ते थेट त्यांनाच कळवत. कंपनीच्या माणसांशी घरोबा करायचा नाही, हे त्यांना बजावलेले असे. कार्यालयात टंकलिखित होणाऱ्या प्रत्येक मसुद्याची गुलाबी प्रत रोज रिकोव्हर यांच्या टेबलावर जाई आणि ते ती वाचत. नेमणुकीच्या मुलाखती ते स्वतः घेत. उमेदवाराला पुढचे पाय कापलेल्या खुर्चीवर बसवण्याचे किस्से अमेरिकी नौदलात अजूनही रंगवून सांगितले जातात. अशाच एका मुलाखतीत अकादमीत आपण कायम सर्वोत्तम प्रयत्न केला नाही, अशी कबुली द्यावी लागलेला एक तरुण लेफ्टनंट पुढे देशाचा अध्यक्ष झाला. ते म्हणजे जिमी कार्टर.

आयडाहोच्या वाळवंटात, समुद्रापासून शेकडो मैल दूर, त्यांनी पाणबुडीच्या सांगाड्याचा एक भाग पाण्याच्या टाकीत उभा करून त्यात प्रत्यक्ष आकाराची अणुभट्टी बांधवली. प्रयोगशाळेत ऐसपैस मांडलेली यंत्रसामग्री नंतर पाणबुडीत कोंबायची, हा सोपा मार्ग त्यांनी नाकारला. ती भट्टी ३० मार्च १९५३ रोजी कार्यान्वित झाली. याच सुमारास नौदलाने दोनदा बढती नाकारून त्यांना निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणले होते. सिनेटने हस्तक्षेप केला नसता, तर नॉटिलसच्या नळीचा निर्णय दुसऱ्याच कोणाच्या हाती असता.

अणुवीज केंद्राशी त्यांचा थेट संबंध येथून सुरू होतो. अणुशक्तीवरील विमानवाहू जहाजाची योजना गुंडाळली गेली आणि त्यासाठी आखलेल्या भट्टीचे रूपांतर वीजनिर्मितीच्या प्रकल्पात झाले. पेनसिल्व्हेनियात ओहायो नदीच्या काठी शिपिंगपोर्ट येथे ६ सप्टेंबर १९५४ रोजी कामाचा प्रारंभ झाला. म्हणजे ग्रोटनमध्ये नळी फुटली त्याच महिन्यात. नळीचा धडा ताजा असतानाच नदीकाठचे बांधकाम सुरू झाले, हा योगायोग केंद्राच्या पथ्यावर पडला असे म्हणायला हरकत नाही. जमीन आणि जनित्राची बाजू ड्युकेन लाइट या वीज कंपनीची होती, भट्टी वेस्टिंगहाऊसची आणि देखरेख रिकोव्हर यांची.

पाणबुडीतील शिस्त त्यांनी जशीच्या तशी नदीकाठी आणली. इंधनाच्या नळ्यांसाठी झिर्कोनियम हा धातू लागे. त्यात हाफ्नियमची भेसळ चालत नसे, कारण हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतो. शुद्ध झिर्कोनियम मोठ्या प्रमाणावर कोणी बनवत नव्हते, म्हणून त्यांच्या यंत्रणेने ते बनवण्याचा उद्योगच उभा केला. बाजूला काढलेला हाफ्नियम मग नियंत्रक दांड्यांसाठी वापरला. भट्टीचे पात्र, पंप, झडपा यांचे दाखले व क्ष-किरण चित्रे तपासूनच वस्तू पुढे जात. २ डिसेंबर १९५७ रोजी भट्टी कार्यान्वित झाली. एन्रिको फर्मी यांच्या पहिल्या साखळी अभिक्रियेला त्याच दिवशी १५ वर्षे होत होती. महिनाअखेरीपूर्वी केंद्र ६० मेगावॉट या पूर्ण क्षमतेने वीज देऊ लागले. सोव्हिएत रशियातील ओबनिन्स्क आणि ब्रिटनचे काल्डर हॉल त्याआधीचे. पण केवळ नागरी विजेसाठी उभारलेले पूर्ण आकाराचे केंद्र म्हणून शिपिंगपोर्टचा मान पहिला धरला जातो. केंद्र चालू झाल्यावरही नियंत्रण कक्षात रिकोव्हर यांचा माणूस बसे, आणि भट्टी बंद करण्याचा अधिकार त्याला होता.

पाणबुडीचे तंत्र गुप्त होते, शिपिंगपोर्टचे त्यांनी खुले केले. १९५५ साली जिनिव्हात होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या केंद्राची माहिती मांडली गेली. दाबाखालील साध्या पाण्याची ही पद्धत पुढे जगभर पसरली. फ्रान्सने १९५८ पासून वेस्टिंगहाऊसच्या परवान्यावर तिचा पाया घातला. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे ज्या फ्रेंच बनावटीच्या भट्ट्या प्रस्तावित आहेत, त्या याच वंशातील. त्याच बनावटीच्या फ्लामाँव्हिल येथील भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले. वाफेच्या मुख्य वाहिन्यांचे सदोष वेल्डिंग पुन्हा करण्याचा आदेश फ्रेंच नियामकाने २०१९ साली दिला आणि वीज ग्रिडमध्ये आली ती डिसेंबर २०२४ मध्ये. वंशाबरोबर आजारही येतो, तो असा.

तंत्र पसरले, शिस्त मात्र तेवढी पसरली नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कला धातुतज्ज्ञांच्या परिषदेत रिकोव्हर यांनी अमेरिकी उद्योगाची लक्तरेच टांगली. चुकीचा धातू, नीट न वाचलेली क्ष-किरण चित्रे, मानकाला दिलेली बगल, तपासनिसाला गृहीत धरणारे व्यवस्थापन अशी उदाहरणे त्यांनी मांडली. श्रोत्यांपैकी अनेकांना ती तक्रारखोर अ‍ॅडमिरलची नेहमीची कुरकुर वाटली असेल. सहा महिन्यांतच, १० एप्रिल १९६३ रोजी, थ्रेशर ही अणुपाणबुडी अटलांटिकमध्ये खोल पाण्यातील चाचणी करताना १२९ जणांसह बुडाली.

तिच्यात खोल पाण्याचा दाब सोसणारे सुमारे ३,००० जोड चांदीमिश्रित धातूने झाळलेले होते. शेवटच्या दुरुस्तीत त्यांपैकी १४५ जोड अल्ट्रासॉनिक पद्धतीने तपासले गेले, तेही जहाजाला उशीर होणार नाही या बेताने. १४ टक्के जोड कमी प्रतीचे निघाले. तोच हिशेब सगळ्यांना लावला, तर ४०० हून अधिक जोड सदोष असण्याची शक्यता होती. तरीही पाणबुडी समुद्रात गेली. एखादा जोड सुटून आत पाणी आले, वीजयंत्रणा बिघडली आणि भट्टी बंद पडली, असा निष्कर्ष निघाला. हे जोड रिकोव्हर यांच्या अखत्यारीत नव्हते, भट्टी होती. भट्टीमुळे अपघात झाला नाही, असे त्यांनी काँग्रेसच्या समितीपुढे ठामपणे सांगितले. टीकाकारांनी मात्र एका गोष्टीवर बोट ठेवले. बंद पडलेली भट्टी झटपट पुन्हा चालू करण्याची सोय त्यांच्या अतिसावध नियमांत नव्हती, आणि ते नियम अपघातानंतर बदलावे लागले. त्यांची कार्यपद्धती निर्दोष होती असे मानणाऱ्यांनी ही बाब विसरू नये. अपघातानंतर नौदलाने सबसेफ नावाची योजना सुरू केली. पाण्याचा दाब सोसणाऱ्या प्रत्येक भागाचा धातू कोठून आला, जोड कोणी केला आणि कोणी तपासला, याचा लेखी पुरावा असल्याखेरीज पाणबुडीला प्रमाणपत्र मिळत नाही. असे प्रमाणपत्र मिळालेली एकही पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही.

नागरी क्षेत्रात साठच्या दशकाच्या मध्यानंतर अणुवीज केंद्रांच्या मागण्यांचा पूर आला. वीज कंपन्यांनी ही केंद्रे कोळशाच्या केंद्रांसारखीच उभारता येतील असे मानले. १९७० साली अणुऊर्जा आयोगाने गुणवत्ता हमीचे १८ निकष कायद्याने लागू केले. तपासणाऱ्याला खर्च आणि वेळापत्रक यांपासून स्वातंत्र्य असावे, हा त्यांचा गाभा. निकष छापले गेले. ते अंगी बाणवायला मात्र रिकोव्हर यांच्यासारखा खाष्ट माणूस प्रत्येक कंपनीत नव्हता. शिपिंगपोर्टच्याच ओहायो नदीच्या काठाने खाली गेले, की त्याचे दोन पुरावे सापडतात. ओहायो राज्यातील झिमर केंद्राच्या बांधकामात वेल्डिंगच्या आणि साहित्याच्या नोंदींचा घोळ निघाला; तपासनिसांच्या अंगावर कामगार वरून पाणी ओतत, इथवर मजल गेली होती. १९८१ मध्ये नियामक आयोगाने कंपनीला दोन लाख डॉलर दंड केला आणि पुढच्या वर्षी काम थांबवले. सुमारे ९७ टक्के पूर्ण झालेले हे केंद्र १९८४ साली कोळशाकडे वळवण्याचा निर्णय झाला. १९९१ मध्ये तेथे कोळसा जळू लागला, २०२२ मध्ये तेही बंद झाले. आणखी खाली, इंडियानातील मार्बल हिल येथे काँक्रीटमध्ये पोकळ्या आढळल्या. सुमारे अडीच अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर १९८४ मध्ये तो प्रकल्पही सोडून देण्यात आला.

२८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला, तेव्हा रिकोव्हर ७९ वर्षांचे होते आणि अजून नोकरीत होते. तो अपघात बांधकामापेक्षा चालवण्याच्या चुकांचा होता. मे महिन्यात काँग्रेसच्या उपसमितीने त्यांना बोलावले. कोणतीही एक युक्ती नसते, प्रशिक्षण, तपासणी, वैयक्तिक जबाबदारी आणि वाईट बातमी वर पोहोचण्याची व्यवस्था हे सगळे एकत्रच असावे लागते, असा त्यांच्या साक्षीचा आशय होता. अपघातानंतर वीज कंपन्यांनी परस्परांवर देखरेख करण्यासाठी एक संस्था स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष होते यूजीन विल्किन्सन, नॉटिलसचे पहिले कप्तान.

अखेरची वर्षे कडवट गेली. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रिक बोट आणि तिची मालक कंपनी जनरल डायनॅमिक्स यांनी वाढीव खर्चापोटी सरकारकडे प्रचंड रकमा मागितल्या. रिकोव्हर यांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे त्याच गोदीत नव्या पाणबुड्यांमध्ये राहून गेलेले वेल्डिंग आणि चुकीचे पोलाद सापडले. मात्र १९८१ च्या जुलैत ला होया या पाणबुडीच्या चाचणीत स्वतः आदेश देत असताना रिकोव्हर यांच्याकडून ती काही क्षण नियंत्रणाबाहेर गेली. नौदलमंत्री जॉन लेहमन यांना हवे ते निमित्त मिळाले. ३१ जानेवारी १९८२ रोजी, ६३ वर्षांच्या सेवेनंतर, त्यांना निवृत्त करण्यात आले. जाण्यापूर्वी काँग्रेसपुढे त्यांनी अणुशक्तीविषयीच शंका व्यक्त केली. आपण बांधलेली सारी जहाजे बुडवून टाकता आली तर बरे, असा त्या बोलण्याचा सूर होता. ऐकणारे चकित झाले.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट नंतर उघडकीस आली. जनरल डायनॅमिक्सकडून १६ वर्षांत ६७,६२८ डॉलर किमतीच्या भेटी त्यांनी स्वीकारल्या होत्या. त्यांत पत्नीसाठी घेतलेले दागिनेही होते. १९८५ मध्ये लेहमन यांनी त्यांना लेखी ठपका दिला आणि कंपनीला भेटींच्या किमतीच्या दहापट दंड केला. या भेटींमुळे कंपनीला सवलत मिळाल्याचे काही दिसले नाही. उलट तिच्याशी ते अखेरपर्यंत भांडतच होते. तरीही कारखान्यातील आपल्या माणसाला कंत्राटदाराशी घरोबा करू न देणाऱ्याने तो दागिना घेतला, हे खोडून काढता येत नाही. ८ जुलै १९८६ रोजी व्हर्जिनियात त्यांचे निधन झाले. चेर्नोबिलचा स्फोट होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

शिपिंगपोर्टची भट्टी त्यांच्या निवृत्तीच्याच वर्षी बंद झाली होती. शेवटची पाच वर्षे ती थोरियमवर आधारित इंधनावर चालली. जाळले त्याहून थोडे जास्त इंधन तिने तयार केले, हे नंतरच्या मोजणीत सिद्ध झाले. थोरियमवर भिस्त ठेवणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांना हा प्रयोग परिचित आहे. पुढे केंद्र पाडण्यात आले. भट्टीचे पात्र न कापता, अखंडच बजऱ्यावर चढवून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून, पनामा कालव्यामार्गे, देशाच्या पश्चिम टोकाला हॅनफर्ड येथे नेऊन पुरण्यात आले.